दोन किलोच्या आत

लुंगलेईच्या पोस्टात खिडकी क्रमांक दोन माझी.
एकोणीस वर्षं झाली.
लोक सांगतात काय धाडायचंय,
काटा सांगतो काय जाईल.

पी रोथुआमी मंगळवारी आली.
तिची थोरली, झिरसांगी, वेल्समध्ये मिशनरी आहे.
तिथूनच एके काळी गोरे पाद्री
बोटीने, मग होडीने, मग आमच्याच खांद्यांवरून
या डोंगरात आले होते.
त्यांनाही घरून मोजे यायचे म्हणे, चहाचे डबे यायचे.
आता शंभरावर वर्षांनी
मोजे उलटटपाली निघालेत.

"दोन किलोच्या वर गेलं की दर चढतो."
"ठाऊक आहे. मासळीवालीच्या काट्यावर
दोनदा तोलून आणलंय."

खोकं बिस्किटांचं. आत मोजे, विणलेली टोपी,
वाळल्या मिरच्या, आल्याची पूड,
खोकल्याच्या गोळ्या, वेष्टणं काढून.
चहापत्ती, डब्याविना.
डब्याला वजन असतं, वासाला नसतं.
सा-उम मी आधीच नाकारलं होतं:
आंबवलेली डुकराची चरबी
कुठल्याच सरहद्दीवर लपून राहत नाही.

दोन किलो, अठरा ग्रॅम.

पैसे तिने मोजून आणले होते,
दहा-दहाच्या नोटा, पिठूळ.
आमच्याकडे बाया भात चढवण्याआधी
मूठभर तांदूळ बाजूला काढतात, देवाच्या नावाने.
त्यावर मिशन चालतं.
त्या मुठीला ती हात लावणार नाही.
ही दुसरी मूठ होती, स्वतःच्या ताटातली,
गेल्या पावसाळ्यापासूनची.

वरचे पैसे माझ्या खिशात होते.
तिने असं पाहिलं
की हात खिशातच राहिला.

मग तिने खोकं उघडलं.
मिरच्या उचलल्या, ठेवल्या.
टोपी उचलली, ठेवली.
शेवटी पत्र काढलं, चार पानं, पाठपोट.
एक किलो, नऊशे शहाण्णव.

"पेन्सिल आहे?"
होती, खिडकीला बांधलेली.
दोरी आखूड, म्हणून खोकंच तिच्याकडे ओढावं लागलं.
पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला,
झाकणाच्या चारही पाकळ्यांवर,
ती लिहीत राहिली.
मागे पेन्शनवाले खाकरले, शाळेचा शिपाई निघून गेला.
मी पुन्हा तोललं.
काटा तसूभर हलला नाही.

ऑगस्टमध्ये तेच खोकं परत आलं,
मोजा उलटा करावा तसं
आतलं बाहेर काढून चिकटवलेलं.
आईची पेन्सिल आता चव्हाट्यावर,
तिच्यावर दोन देशांचे शिक्के.
डोळे तरी कुठे ठेवणार?

*कान झाकून झोपत जा.*
*चर्चमध्ये अकराच माणसं असली तरी*
*सूर खाली आणू नकोस.*
*मार्चमध्ये मी दवाखान्यात नव्हते,*
*कुणी तसं कळवलं असेल तर.*

मला कुणी काहीच कळवलं नव्हतं.
फक्त आठवलं, मार्चमध्ये
ती चार आठवडे खिडकीवर आली नव्हती,
आणि मला वाटलं होतं, पैसे जमले नसतील.

आलेलं टपाल तोलायचं नसतं.
मी तोललं. सहाशे चाळीस.

तिने ते काउंटरवरच फोडलं.
लोकरीचे दोन गुंडे, चहाच्या पुड्या,
आणि बिस्किटांच्या चित्राच्या कडेकडेने
शाईत, मुंगीएवढं अक्षर.
ते मी वाचलं नाही.
ती वाचता वाचता एकदम हसली,
इतकी की रांग हसायला लागली.

"तिथल्या एका म्हातारीने
आपली मिरची चावून खाल्ली.
तेव्हापासून दर रविवारी चर्चला येते.
म्हणते, त्या दिवशी पाणी दिलंत ना, म्हणून."

डोळे पुसून तिने खोकं मोडलं,
सपाट केलं, काखेत मारलं.
"अजून एक खेप निघेल याच्यातून," म्हणाली,
आणि मासळीवालीकडे वळली.